विंडोजचें विमान, लिनक्सची धावपट्टी

गोंदिया शहराजवळ बिरसी नांवाचें गांव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत, १९४० सालीं, ब्रिटिश सरकारनें तेथें एक धावपट्टी बांधली. युद्ध संपलें, लष्करी विमानें गेलीं, आणि भाताच्या बांध्यांच्या शेजारीं ती धावपट्टी पुष्कळ वर्षें निवांत पडून राहिली. २००५ सालाच्या अखेरीस ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. पुढें २००८ च्या सुमारास प्राधिकरणानें कॅनडांतील सीएई या कंपनीच्या भागीदारीनें तेथें वैमानिक तयार करणारी राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी केली. जो प्रदेश तळ्यांचा, भाताचा आणि तांदुळाच्या गिरण्यांचा म्हणून ओळखला जात होता, त्याच्या आकाशांत लहान लहान शिकाऊ विमानें घिरट्या घालूं लागलीं.

खालीं अंगणांत उभ्या असलेल्या मुलास वर पाहून आपणही वैमानिक व्हावें असें वाटलें, तर त्यांत नवल नाहीं. परंतु या विद्येचा खर्च लाखांच्या घरांत जातो. सामान्य घरास प्रथम परवडते ती उड्डाणाची नक्कल. म्हणजे संगणकावरील तो खेळ, ज्यास फ्लाइट सिम्युलेटर असें नांव आहे. येथें मात्र एक अडचण उभी राहते. या खेळांपैकीं सर्वांत प्रसिद्ध खेळ मायक्रोसॉफ्ट कंपनीचा असून संगणकावर तो तिच्याच विंडोज या प्रणालीसाठीं रचलेला आहे. आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याच कंपनीनें विंडोज १० या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार थांबविला. विंडोज ११ साठीं तिनें ज्या अटी घातल्या, त्या अनेक घरांतील धडधाकट, परंतु कांहीं वर्षांपूर्वीं घेतलेल्या संगणकांस पुऱ्या करतां येत नाहींत. असा संगणक भंगारांत टाकावा काय? टाकूं नये, असें ज्यांस वाटतें त्यांच्यापुढें लिनक्स या मोफत व खुल्या प्रणालीचा मार्ग आहे. लिहिणें, वाचणें, हिशेब ठेवणें, चित्रपट पाहणें हीं सर्व कामें तिच्यावर सुखानें होतात. मग घरांतील मुलगा किंवा मुलगी विचारते कीं, विमान आतां कोठून उडणार? हा प्रश्न पोरकट नाहीं. त्याचें उत्तर शोधतांना संगणकाच्या पोटांत काय चालतें याचें बरेंच ज्ञान पदरीं पडतें.

जमिनीवर बसून उड्डाण शिकण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेंतील एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते हवेच्या जोरावर कसे फुगतात व मिटतात हें त्यास लहानपणापासून ठाऊक होतें. त्याच भात्यांवर त्यानें विमानाच्या आकाराची एक लांकडी पेटी बसविली. आंत बसून दांडा हलविला कीं पेटी विमानाप्रमाणें कलत असे. १९२९ च्या सुमारास हें यंत्र सिद्ध झालें, पण लोकांनीं त्यास करमणुकीच्या बागेंतील गंमत मानलें. १९३४ सालीं अमेरिकन लष्कराच्या विमानदलाकडे टपाल वाहून नेण्याचें काम आलें, आणि धुक्यांत व ढगांत केवळ यंत्रांच्या कांट्यांवर विसंबून उडण्याची संवय नसल्यामुळें कित्येक वैमानिक मृत्युमुखीं पडले. तेव्हां लष्करानें लिंकचीं सहा यंत्रें विकत घेतलीं. बिरसीची धावपट्टी बांधली गेली त्या युद्धाच्या काळांत तर हीं यंत्रें हजारोंनीं वापरांत होतीं. खेळणें आणि शिक्षणाचें साधन यांमधील अंतर कधीं कधीं किती थोडें असतें, याचें हें बोलकें उदाहरण होय.

पुढें भात्यांचें काम गणितानें घेतलें. ब्रूस आर्टविक या अमेरिकन अभियंत्यानें १९८० च्या सुमारास घरगुती संगणकावर रेघांच्या चित्रांनीं उड्डाणाचा आभास निर्माण केला. त्याच्याच कामाच्या आधारें मायक्रोसॉफ्टनें नोव्हेंबर १९८२ मध्यें आपला पहिला फ्लाइट सिम्युलेटर बाजारांत आणला. २००६ सालची ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ ही आवृत्ति दीर्घकाळ लोकप्रिय राहिली, आणि ऑगस्ट २०२० मध्यें फ्रान्समधील असोबो या संस्थेनें रचलेली नवी आवृत्ति आली. तिच्यांत उपग्रहांनीं घेतलेलीं पृथ्वीचीं चित्रें इंटरनेटवरून येत राहतात, त्यामुळें वैनगंगेचें पात्र व तळीं वरून पाहत उडतां येतें.

असा हा खेळ लिनक्सवर कां चालूं नये? संगणक तोच, पडदा तोच, कळफलकही तोच. हें कोडें गोंदियाच्या माणसास उलगडून सांगणें सोपें आहे, कारण त्याच्या रेल्वे स्टेशननें तें फार वर्षें डोळ्यांनीं पाहिलें आहे. १८८० नंतरच्या दशकांत नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटर गेज मार्ग या भागांतून गेला. १८८८ च्या सुमारास बंगाल-नागपूर रेल्वेनें तो साडेपांच फुटांचा, म्हणजे ब्रॉडगेज केला. विसाव्या शतकाच्या आरंभीं गोंदियाहून नैनपूर व जबलपूर या दिशेनें अडीच फुटांचा अरुंद मार्ग निघाला. एकाच स्टेशनांत दोन मापांचे रूळ आले. डबा लोखंडाचा व लांकडाचाच, ओढणारी वाफही तीच. परंतु एका मार्गाचा डबा दुसऱ्या मार्गावर पाऊलभरही सरकूं शकत नसे, कारण चाकांमधील अंतर जुळत नव्हतें. म्हणून माल एका गाडींतून उतरून दुसऱ्या गाडींत चढवावा लागे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हा अरुंद मार्ग रुंद झाला, तेव्हां हा भेद मिटला.

विंडोज आणि लिनक्स यांमधील भेद याच जातीचा आहे. संगणकाच्या प्रोसेसरला ज्या मूळ सूचना द्यावयाच्या, त्या दोन्हींकडे सारख्याच असतात. डब्याचें लोखंड एकच आहे. पण कोणताही प्रोग्राम सर्व कामें स्वतः करीत नाहीं. फाइल उघडणें, पडद्यावर चौकट काढणें, इंजिनाचा आवाज कर्ण्यांतून सोडणें, जॉयस्टिकचा दांडा किती कलला आहे हें विचारणें, अशा प्रत्येक कामासाठीं तो प्रणालीकडे मागणी करतो. विंडोजमध्यें या मागण्यांचीं नांवें, क्रम व रीति ठरलेल्या आहेत. लिनक्समध्यें त्या निराळ्या आहेत. उड्डाणाचा खेळ विंडोजच्या मापाचीं चाकें घेऊन येतो आणि लिनक्सच्या रुळांवर टेकतांच अडतो.

यावर तीन उपाय संभवतात. पहिला म्हणजे दोन्ही मार्ग शेजारीं शेजारीं ठेवणें. एकाच संगणकांत दोन्ही प्रणाली बसवावयाच्या आणि सुरू करतांना एकीची निवड करावयाची. हा मार्ग खात्रीचा आहे. परंतु त्यांत विंडोज सुटत नाहीं, आणि जेथें विंडोजचा आधारच संपला आहे तेथें मूळ दुखणें तसेंच राहतें. दुसरा उपाय म्हणजे लिनक्सच्या आंत एक काल्पनिक संगणक उभा करून त्यांत अख्खें विंडोज चालविणें. पत्रें लिहिण्यास तो ठीक आहे. परंतु दर सेकंदास तीस-चाळीस नवीं चित्रें रेखाटणाऱ्या खेळास अशा दुहेरी संसाराचा भार सहसा पेलत नाहीं. तिसरा उपाय रेल्वेच्याच अनुभवांतला आहे. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमध्यें योग्य अंतरावर आणखी एक रूळ टाकला, तर त्याच स्लीपरांवरून व त्याच खडीवरून अरुंद गाडीही धांवूं शकते. गाडीचीं चाकें बदलावीं लागत नाहींत, मार्गही नवा बांधावा लागत नाहीं. लिनक्सवरील या तिसऱ्या रुळाचें नांव वाइन असें आहे.

वाइनचें काम १९९३ सालीं सुरू झालें आणि १९९४ पासून ॲलेक्झांडर ज्युलियार हे त्याची धुरा वाहत आले. ‘वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर’, म्हणजे वाइन ही संगणकाची नक्कल नव्हे, या वाक्याच्या आद्याक्षरांवरून हें नांव बनलें. आणि त्या वाक्यांतच त्याचें मर्म आहे. वाइन कोणताही काल्पनिक संगणक उभा करीत नाहीं. विंडोजचा प्रोग्राम ज्या नांवानें मागणी करतो, त्याच नांवाचीं दारें तें उघडून ठेवतें. दाराच्या मागें मात्र काम लिनक्सकडून करवून घेतें. प्रोग्रामास ‘सी’ ड्राइव्ह हवा असतो. वाइन त्यास एक साधें फोल्डर ‘सी’ ड्राइव्ह म्हणून दाखवितें. प्रोग्रामास आपल्या नोंदी ठेवण्यास विंडोजची रजिस्ट्री हवी असते. वाइन तशीच वही साध्या फाइलींत लिहून ठेवतें. ही सर्व रचना मायक्रोसॉफ्टचें अंतर्गत लेखन उतरून घेऊन केलेली नाहीं. प्रसिद्ध झालेलीं वर्णनें वाचून, आणि अमुक मागणीस अमुक उत्तर येतें असें बाहेरून पारखून, ती नव्यानें लिहिली गेली. हजारों दारांची अशी पारख करण्यास वेळ लागणारच, वाइनची १.० ही पहिली पक्की आवृत्ति जून २००८ मध्यें, म्हणजे पंधरा वर्षांनीं, प्रसिद्ध झाली.

उड्डाणाच्या खेळास एवढ्यानें भागत नाहीं, कारण त्याचा खरा भार चित्रांवर असतो. डोंगर, ढग, नदी, धावपट्टीवरील दिवे हें सर्व ग्राफिक्स कार्डाकडून काढून घेण्यासाठीं विंडोजचे खेळ डायरेक्ट-थ्री-डी नांवाची भाषा वापरतात. लिनक्सवर ती भाषा नाहीं. तेथें व्हल्कन नांवाची, २०१६ सालीं प्रसिद्ध झालेली खुली भाषा चालते. तेव्हां येथें एका दुभाष्याची गरज लागते. २०१८ च्या आरंभीं पुढें आलेला डीएक्सव्हीके हा तो दुभाषी होय. खेळ एका भाषेंत बोलतो, दुभाषी तें दुसऱ्या भाषेंत कार्डास सांगतो, आणि ही देवघेव इतक्या त्वरेनें होते कीं खेळणाऱ्यास बहुधा तिचा पत्ता लागत नाहीं. ऑगस्ट २०१८ मध्यें व्हॉल्व्ह या कंपनीनें वाइन, हा दुभाषी आणि इतर लहान-मोठे भाग एकत्र बांधून प्रोटॉन या नांवानें आपल्या स्टीम या दुकानांत मोफत ठेवले. तेव्हांपासून जें काम पूर्वीं तज्ज्ञांचें होतें, तें सामान्य घराच्या आटोक्यांत आलें.

प्रत्यक्ष कृति कोणत्या क्रमानें करावी हें आतां पाहूं जातां, प्रथम ग्राफिक्स कार्ड तपासावें. तें व्हल्कन भाषा जाणणारें असलें पाहिजे, आणि त्याचा ड्रायव्हर अद्ययावत् असला पाहिजे. निम्म्याहून अधिक अडचणी येथेंच उगवतात. नंतर जागा पाहावी. २०२० च्या आवृत्तीस किमान ८ जीबी रॅम आणि डिस्कवर सुमारें १५० जीबी मोकळी जागा लागते असें तिच्या कर्त्यांनींच प्रसिद्ध केलें होतें. ज्यांच्याकडे इंटरनेट मंद आहे, त्यांनीं हें ओझें एका बैठकींत उतरण्याची अपेक्षा धरूं नये. तिसरी गोष्ट खरेदीची. खेळ स्टीमच्या दुकानांतून घ्यावा. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या दुकानांतून घेतलेली प्रत विंडोजशीं अशी जखडलेली असते कीं प्रोटॉन तिला चालवूं शकत नाहीं. स्टीम लिनक्सवर बसवून त्याच्या सेटिंगमध्यें ‘कम्पॅटिबिलिटी’ या सदराखालीं प्रोटॉनची निवड केली कीं, पुढें खेळ बसविण्याची रीत विंडोजसारखीच आहे. पहिल्या एक-दोन उड्डाणांत चित्र अडखळतें. त्यानें खचून जाऊं नये. दुभाषी त्या वेळीं नवीं वाक्यें तयार करून जपून ठेवीत असतो, आणि पुढील वेळीं तीं त्यास आयतीं मिळतात.

ज्यांच्याकडे २००६ च्या आवृत्तीच्या जुन्या डीव्हीडी आहेत, त्यांस साध्या वाइनचा मार्ग घ्यावा लागेल. अशा वेळीं त्या एका खेळासाठीं वाइनचें स्वतंत्र फोल्डर करावें. म्हणजे कांहीं बिघडल्यास तेंच पुसून पुनः आरंभ करतां येतो आणि बाकीच्या घरास धक्का लागत नाहीं. जुन्या खेळांस मायक्रोसॉफ्टचे कांहीं जुने सहायक भाग लागतात. ते बसविण्यासाठीं वाइनट्रिक्स नांवाचें एक साधन आहे. जॉयस्टिक व पायानें दाबावयाचीं रडर पेडल्स प्रथम लिनक्समध्यें नीट ओळखलीं गेलीं आहेत ना हें पाहावें, मगच खेळांत त्यांची जुळणी करावी. मुळांत जें पोंचलें नाहीं तें शेंड्यास कोठून येणार? एका वेळीं एकच बदल करावा आणि तो वहींत टिपून ठेवावा. वैमानिक उड्डाणापूर्वीं यादी हातीं घेऊन एकेक कळ तपासतो, त्याच शिस्तीचा हा पहिला धडा समजावा.

एक सावधगिरीची सूचना येथें केली पाहिजे. वाइन हें विंडोजचे प्रोग्राम चालवितें, म्हणजे विंडोजसाठीं लिहिलेले घातक प्रोग्रामही तें चालवूं शकतें. आणि सामान्यतः घरांतील सर्व फाइली ‘झेड’ ड्राइव्हच्या रूपानें त्यांस दिसत असतात. म्हणून मुख्य व्यवस्थापकाच्या अधिकारानें वाइन कधींही चालवूं नये, आणि फुकट मिळालेले संशयित खेळ त्यांत घालूं नयेत. लिनक्सवर विषाणूंचें भय नाहीं असें म्हणतात. परंतु आपणच दार उघडून पाहुणा आंत घेतला, तर घराची भिंत कितीही भक्कम असून उपयोग काय?

या मार्गाची मर्यादाही जाणून घेतली पाहिजे. तिसरा रूळ कितीही कुशलतेनें टाकला, तरी गाडी दुसऱ्याची आहे. खेळाच्या कर्त्यांनीं उद्यां एखादी नवी आवृत्ति आणली आणि तिनें नवें दार ठोठावलें, तर तें दार वाइनमध्यें उघडेपर्यंत खेळ बंद पडूं शकतो. पैसे देऊन घेतलेलीं विमानें व विमानतळ यांचीं स्वतंत्र पूरक पॅकेजेस असतात. त्यांची परवाना तपासण्याची रीत कधीं कधीं येथें अडून बसते. यास्तव ज्यांचा हेतु विशिष्ट खेळाचा नसून उड्डाण समजून घेण्याचा आहे, त्यांनीं लिनक्सच्या स्वतःच्या मापाच्या गाड्या आधीं पाहाव्या. एक्स-प्लेन हा ऑस्टिन मेयर यांचा प्रसिद्ध सिम्युलेटर विकत मिळतो आणि त्याची लिनक्ससाठीं वेगळी प्रत असते. फ्लाइटगिअर हा तर सर्वस्वीं मोफत व खुला आहे. १९९७ पासून अनेक देशांतील लोक तो मिळून घडवीत आले आहेत. चित्रांच्या देखणेपणांत तो २०२० च्या मायक्रोसॉफ्टच्या खेळाची बरोबरी करीत नाहीं. परंतु पंखांवरील उचल, वाऱ्याचा रेटा, इंजिनाची शक्ति यांचें गणित त्यांत कसें मांडलें आहे, हें ज्यास वाचावयाचें असेल त्यास सारें लेखन खुलें आहे. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्यास यांतून मिळणारा लाभ देखण्या ढगांहून मोठा आहे. जुन्या संगणकास तो झेपण्याची शक्यताही अधिक.

शेवटीं प्रश्न उरतो तो या खटाटोपाच्या मोलाचा. घरच्या संगणकावर घालविलेल्या तासांनीं वैमानिक होतां येतें काय? येत नाहीं. भारतांत व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठीं २०० तासांचें उड्डाण लागतें. त्यांत ठराविक मर्यादेपर्यंत मान्यताप्राप्त सिम्युलेटरचे तास धरतात, परंतु घरच्या खेळाचा एक मिनिटही धरला जात नाहीं. बिरसीच्या संस्थेंत भागीदार असलेली सीएई ही कंपनी स्वतः मोठे सिम्युलेटर बनविण्याबद्दल जगभर प्रसिद्ध आहे. त्या यंत्रांत अख्खें कॉकपिट हलतें, आणि तरीही तीं विमानाची जागा घेत नाहींत. घरच्या खुर्चींत तर शरीरास भार जाणवत नाहीं, दांड्यावर वाऱ्याचा दाब येत नाहीं, आणि खेळणाऱ्यास क्षितिजाऐवजीं कांट्यांकडेच टक लावून पाहण्याची खोड जडते. ती पुढें शिक्षकास मोडावी लागते.

तथापि कांहीं गोष्टी घरींही पक्क्या होतात. उंचीचा, वेगाचा व दिशेचा कांटा एका नजरेंत वाचणें. धावपट्टीभोवतीं चौकोनी फेरी घेऊन ठरलेल्या उंचीवरून उतरावयास येणें. यादीप्रमाणें काम करणें. वेग फार घटला कीं पंखांची उचल सुटते हें पुनः पुनः अनुभवणें, या संवयी खर्चावांचून लागतात. आणि घरांतील आईबापांस एक गोष्ट कळते कीं, मुलाची आवड चार दिवसांची आहे कीं टिकाऊ आहे. लाखों रुपयांचें कर्ज काढण्यापूर्वीं एवढें कळणें थोडें नव्हे.

मात्र खेळांत शिकतां न येणारी एक गोष्ट सर्वांत वजनदार आहे. १८ मार्च २०२३ रोजीं बिरसीहून निघालेलें एक शिकाऊ विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यांतील डोंगराळ जंगलांत कोसळलें आणि त्यांतील दोघांचेही प्राण गेले. पडद्यावर कोसळलेलें विमान एक कळ दाबतांच पुनः धावपट्टीच्या टोंकावर उभें राहतें. ही सोय शिकणाऱ्यास निर्भय करते, आणि तीच त्यास बेफिकीरही करूं शकते. म्हणून ज्या घरांत हा खेळ सुरू होईल, तेथें प्रत्येक अपघातानंतर लगेच नवें उड्डाण सुरू न करतां, चूक कोठें झाली हें दोन ओळींत लिहून काढण्याचा नियम ठेवावा. ज्या वहींत वाइनची जुळणी टिपली, तीच वही त्यास पुरेल. हा नियम पाळण्यास विंडोजही लागत नाहीं आणि लिनक्सही लागत नाहीं.